बी फेजच्या दोन तारा

मानेसरच्या एका कारखान्यात मी बी फेजच्या दोन तारा उलट जोडल्या आणि ते कोणालाही सांगितलं नाही. उलट जोडणं ही चूक नव्हती. त्या दिवशी ते बरोबरच होतं. न सांगणं ही चूक होती. पुढे सांगायची वेळ समोर येऊन उभी राहिली तेव्हा मी जे बोललो, त्याला चूक म्हणणं म्हणजे स्वतःला सवलत देणं होईल.

आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाईंनी मला "तुमच्या कामातले गमतीदार अनुभव" लिहायला सांगितले होते. मंडळात बहुतेक लोक आयटीतले नाहीतर सरकारी नोकरीतले. मी विजेचे मीटर बसवतो, त्यामुळे तिथे माझं नाव 'मीटरवाले वानखेडे' असं पडलं आहे. कोजागिरीला दुधाचा पेला हातात देताना कोणीतरी हटकून विचारतं, "आमचं बिल फार येतंय हो, काही करता येईल का?" मी म्हणतो, एसी बंद करा. यावर सगळे हसतात आणि एसी कोणी बंद करत नाही. गमतीदार अनुभव एवढेच. बाकीचं लिहितो ते गमतीदार नाही, हे संपादकबाईंना आधीच सांगून ठेवलं आहे.

माझे वडील नागपूरहून केंद्र सरकारच्या नोकरीत इकडे आले. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये मी वाढलो. आमच्या जिन्यात एक तमिळ, एक बंगाली, एक पहाडी आणि आम्ही अशी कुटुंबं होती. फ्यूज गेला की चारही घरांतून मलाच हाक यायची. पुढे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि कारखान्यांना मीटरची पॅनेलं बसवून देणाऱ्या एका लहान कंपनीत लागलो. अजून तिथेच आहे. गुडगाव, मानेसर, फरीदाबाद, नोएडा, एवढंच माझं जग.

आता थोडं कामाविषयी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तुमच्या घरच्या मीटरमधून तुमच्या घराची सगळी वीज जाते. कारखान्याची वीज अशी मीटरमधून नेता येत नाही. तिथे मनगटाएवढ्या जाड पट्ट्यांतून शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहत असतो; मीटरमध्ये सोडला तर मीटर वितळेल. म्हणून त्या पट्टीभोवती एक रिंग बसवतात. तिला आम्ही सीटी म्हणतो. पट्टीतून चारशे अँपिअर गेले की रिंगेच्या बारीक तारांत पाच अँपिअर येतात. मीटर ते पाच मोजतो आणि गुणाकार करून चारशे समजतो. तीन फेज असतात, आर, वाय आणि बी. म्हणजे लाल, पिवळा, निळा. तिघांना तीन रिंगा. प्रत्येक रिंगेतून दोन तारा निघून मीटरकडे जातात.

इथवर काही अवघड नाही. अवघड आहे ती दिशा. रिंगेच्या एका बाजूला पी-वन असं छापलेलं असतं, दुसऱ्या बाजूला पी-टू. वीज जिकडून येते तिकडे पी-वनचं तोंड हवं. रिंग उलटी बसली तर मीटरला वाटतं, या फेजमधून वीज कारखान्यात जात नाही, परत येते आहे. मग तो त्या फेजची वीज बेरजेत धरायचं सोडून उरलेल्या दोघांतून वजा करत बसतो. काही मीटर उलट्यालाही सुलटंच धरतात. हा त्यातला नव्हता.

दिशेवरून एक गिऱ्हाईक आठवलं. छतरपूरकडे त्याचा लग्नाचा लॉन होता. मी पॅनेल उभं करून मीटर बसवला, तर हा गृहस्थ होकायंत्र घेऊन आला. म्हणाला, "वानखेडे जी, मीटर का मुँह दक्षिण में है. दक्षिण यम की दिशा है. खर्चा बढ़ेगा."

मी म्हटलं, "मीटर को दिशा से फ़र्क नहीं पड़ता, सर."

"आपको नहीं पड़ता. मेरे पंडित जी को पड़ता है."

शेवटी सगळं पॅनेल पूर्वेकडे वळवून दिलं. तरी पहिलं बिल भरमसाट आलं, तेव्हा त्याचा फोन आला, "पंडित जी गलत थे, आप सही थे." त्या फोनचं मला बरेच दिवस कौतुक होतं. दिशेच्या बाबतीत आपण चुकत नाही, असं मी तेव्हा खरोखर समजत होतो. आमच्या कंपनीतही म्हणत, वानखेडेचं वायरिंग उघडून बघायची गरज नाही. हे लिहितोय ते बढाई म्हणून नाही. पुढे जे झालं ते या एका वाक्यामुळे झालं.

मानेसरचा तो कारखाना मोटारींच्या दारांना लागणाऱ्या रबराच्या पट्ट्या बनवायचा. आत पाऊल टाकलं की तापलेल्या रबराचा वास नाकात बसायचा तो घरी आंघोळ करेपर्यंत. तिथे प्रत्येक विभागाला वेगळा मीटर बसवायचं काम आमच्याकडे आलं. कारखान्याकडून आमच्याबरोबर राजबीर होता. तिथला इलेक्ट्रिशियन, पटौदीजवळच्या गावचा, माझ्याच वयाचा. उंच, सावकाश बोलणारा. पहिल्या दिवशी त्याने माझं नाव विचारलं, गाव विचारलं आणि मान हलवून हरियाणवीत म्हणाला, "अच्छा, मराठे. थारे आदमी पानीपत आए थे, वापस कोन्या गए. आप उन्हीं में से रह गए के?"

मी म्हटलं, "मेरे पिताजी सरकारी नौकरी में आए थे. वो भी वापस नहीं गए."

"फेर तो एक ही बात सै," तो म्हणाला, आणि आमचं जमलं. त्याची सासुरवाडी पानिपतकडची. मंडळाची बस दर जानेवारीत पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जाते हे ऐकल्यावर म्हणाला, "मेरे साळे नै बोल दूँगा, चाय पिला देगा सबको." खरंच एका वर्षी त्याच्या मेव्हण्याने आमच्या बसला थांबवून चहा पाजला होता.

रिंगा मी स्वतः बसवल्या. कम्प्रेसर आणि भट्ट्यांच्या विभागातली बी फेजची रिंग एका कोपऱ्यात, आडव्या पट्टीच्या मागे होती. तिथे हात जेमतेम जायचा, छापलेलं दिसत नव्हतं. ती माझ्याकडून उलटी बसली. पॅनेल चालू केल्यावर मीटरवर बी फेजपुढे वजा चिन्ह आलं आणि मला कळलं. पण तोवर लाइन सुरू झाली होती. रिंग फिरवायची तर पट्टीचे बोल्ट खोलायला हवेत, म्हणजे सगळा विभाग बंद करायला हवा. प्लांट हेड मल्होत्रा साहेब, ज्यांच्या हाती अख्खा कारखाना होता, त्यांच्याकडे जाऊन "साहेब, माझ्याकडून रिंग उलटी बसली, परत बंद करा" असं म्हणायला हवं होतं.

मी तसं केलं नाही. मीटरच्या खाली तारा जिथे लागतात तिथे बी फेजच्या दोन तारांची अदलाबदल केली. रिंग उलटी, तारा उलट्या, हिशेब सुलटा. मीटर बरोबर चालू लागला. हा मार्ग आमच्या धंद्यात सगळेच वापरतात. त्याचा एकच नियम आहे: पॅनेलच्या दाराच्या आत जे ड्रॉइंग चिकटवलेलं असतं त्यावर लाल पेनाने तसं दाखवायचं आणि तिथल्या माणसाला तोंडी सांगायचं. राजबीर दहा पावलांवर उभा होता. लाल पेन खिशात होतं. पण लाल खूण केली की उद्या कोणीही दार उघडून बघेल आणि म्हणेल, वानखेडेची रिंग उलटी बसली होती. मी मीटरखालचं झाकण लावलं, आमच्या कंपनीचं सील ठोकलं आणि निघालो.

पुढच्या दिवाळीला कारखाना चार दिवस बंद होता. राजबीर सुट्टीवर गेला नाही. त्याच्या डोक्यात बरेच दिवस एक गोष्ट होती. कम्प्रेसरची दाबलेली हवा पाइपांच्या सांध्यांतून गळते, आणि गळलेली हवा म्हणजे फुकट जळलेली वीज. त्याने साबणाचं पाणी घेतलं, सांध्यासांध्यावर लावलं, जिथे बुडबुडे आले तिथे खूण केली आणि एकेक गळती बंद केली. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून भट्ट्यांच्या दारांना लावलेल्या जाड दोऱ्या बदलल्या. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. याच बंदमध्ये पॅनेल साफ करताना त्याने आरसा आत घालून बघितलं. आर आणि वायच्या रिंगांचं पी-वन वर होतं, बीचं खाली. ड्रॉइंगवर काही लिहिलेलं नव्हतं. त्याने बोल्ट खोलले आणि रिंग सरळ करून बसवली. कोणत्याही चांगल्या माणसाने हेच केलं असतं.

दोन उलट्यांतलं एक त्याने सुलट केलं. दुसरं माझ्या सीलखाली तसंच राहिलं.

दिवाळीनंतर त्या विभागाची वीज जवळजवळ एक तृतीयांशाने घटलेली दिसू लागली. सगळे मीटरवरची बेरीजच वाचत; बी फेजचं वजा चिन्ह कळ दाबून तिथवर गेलं तरच दिसायचं. बी फेजवर भार कमी होता, त्यामुळे घट अगदीच अशक्य वाटण्याइतकी नव्हती. विश्वास बसावा एवढीच होती. आणि हवेची गळती बंद झाली होती हे तर सगळ्यांनी बघितलं होतं. मल्होत्रा साहेबांनी राजबीरला सगळ्यांसमोर शाल दिली. त्याचा फोटो कँटीनच्या बाहेरच्या बोर्डावर लागला. एकदा मी दुसऱ्या कामाला तिथे गेलो तर तो मला हाताला धरून फोटो दाखवायला घेऊन गेला. म्हणाला, "घरआळी बोली, फोटो में मुँह क्यूँ सुजा रखा सै. मन्ने कहा, बावळी, यो ख़ुशी सै."

मी अभिनंदन केलं. एक तृतीयांश हा आकडा मला खटकला होता. तरी मी मीटरकडे गेलो नाही.

मग मुख्य कार्यालयातून एक साहेब आले. ते तपासायला आले नव्हते, शिकायला आले होते. राजबीरची पद्धत त्यांना बाकीच्या कारखान्यांत न्यायची होती. त्यांनी चिमट्यासारखं मोजण्याचं यंत्र पट्ट्यांना लावलं, मीटरकडे बघितलं, परत यंत्राकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

पॅनेलसमोर दहाबारा माणसं उभी होती. मी सील तोडलं, झाकण काढलं आणि माझ्या दोन तारा बघितल्या. एकमेकींना ओलांडून गेलेल्या. मग आरसा घालून रिंग बघितली. पी-वन वर. सगळं समजायला मला एका श्वासाएवढा वेळ लागला.

मल्होत्रा साहेब म्हणाले, "क्या है वानखेडे जी?"

मी म्हणालो, "शटडाउन में बी फेज की सीटी घुमाई गई है."

"किसने घुमाई?"

राजबीर पुढे आला. "मन्ने जी. उल्टी थी, सीधी करी."

"सीधी की? सीधी की तो मीटर उल्टा कैसे चला?" साहेब माझ्याकडे वळले. "आपने लगाया था तब ठीक चलता था ना?"

"ठीक चलता था, सर."

बघा, यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी वाक्यं निवडून निवडून बोललो. राजबीर माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो विचारत होता, साब, तुम्हीच सांगा. मी क्षणभर थांबलो असतो तर कदाचित सांगितलंही असतं. पण साहेबांनी विचारलं, "अब रिंग वापस घुमानी पड़ेगी? लाइन बंद करनी पड़ेगी?" आणि मी म्हणालो, "नहीं सर, रिंग रहने दीजिए. मैं तार में ठीक कर देता हूँ."

हे मात्र सरळ खोटं होतं. मी रिंगेची चूक तारेत सावरत नव्हतो. माझी स्वतःची तार सरळ करत होतो. रिंगेच्या दोन्ही तारा आधी आपसांत जोडून घेतल्या, कारण चालू रिंगेची तार सुटी केली तर ठिणगी पडते. मग दोन तारा आपापल्या जागी लावल्या. मीटर बरोबर चालू लागला. मल्होत्रा साहेब म्हणाले, "थँक यू, वानखेडे जी. अच्छा हुआ आप आ गए." मुख्य कार्यालयाच्या साहेबांनी राजबीरची पद्धत लिहून घेतलेली वही मिटून बॅगेत टाकली, आणि तेच जास्त वाईट दिसलं.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी बोललो नाही. आर आणि वाय या दोन फेजच्या रिंगांना कोणी हात लावला नव्हता. त्यांचे आकडे पहिल्यापासून खरे होते, आणि त्या दोघांवरही दिवाळीनंतर वीज घटलेली दिसत होती. एक तृतीयांश नाही, पण चांगली घट होती. ती राजबीरच्या साबणाच्या पाण्याची. मीटरची कळ दाबून ते दोन आकडे दाखवायला मला वेळ लागला नसता. पण आकडे दाखवले की पुढचा प्रश्न आला असता.

बोर्डावरचा फोटो उतरला. राजबीरची नोकरी गेली नाही. त्याला कारखान्याच्या मागे, सांडपाण्याच्या पंपांवर पाठवलं. कँटीनमध्ये मी स्वतः ऐकलेलं आहे: "राजबीर भाई, रोटी देख ले, सीधी सै के उल्टी?" कोणीतरी हेल्मेट मागचं पुढे करून त्याच्यासमोरून चालत जायचं. तो हसायचा. मी त्या टेबलावर बसणं टाळू लागलो, आणि नंतर त्या कारखान्याचं काम कंपनीतल्या दुसऱ्याकडे दिलं. काला अंबच्या सहलीलाही मी जाणं सोडलं. बायको विचारायची तेव्हा गुडघ्याचं कारण सांगायचो.

वर्षं गेली. मी काही रात्रंदिवस तळमळत नव्हतो. तसं लिहिलं तर तेही खोटं होईल. कामं होती, मुलीची शाळा, मग कॉलेज. पण कुठेही बी फेजची रिंग बसवताना माझा हात थांबायचा. एवढंच.

मग त्या कारखान्याचे सगळे मीटर बदलायचं काम निघालं. आता दुरून वाचता येणारे मीटर येतात, तारा-रिंगा त्याच. ज्याच्याकडे ते काम होतं तो नोकरी सोडून गेला होता, त्यामुळे मी गेलो. वीज बंद करून द्यायला कारखान्याचा माणूस लागतो. त्यांनी पंपांवरून राजबीरला बोलावलं. त्याचे केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. "राम राम, वानखेडे साब," तो म्हणाला. "आप तो दिखने बंद हो गए."

त्याने स्विच पाडला, कुलूप लावलं, वीज नाही याची खात्री केली. मग लगेच दुसऱ्या माणसाला बोलावून म्हणाला, "तू भी देख ले." तो बघून गेल्यावर राजबीरने परत एकदा स्वतः बघितलं. पूर्वी तो असं करत नसे.

मग पॅनेलच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "साब, एक काम था. बी फेज की सीटी उल्टी पड़ी सै, मेरी करी होई. उस दिन आपने तार में ठीक कर दी थी. इब लाइन बंद सै, इसनै सीधी कर दो."

मी आरसा आत घातला. पी-वन वर होतं. आर आणि वायसारखंच.

"आपको कैसी दिखती है?" मी विचारलं.

तो ओशाळून हसला. "मन्ने तो सीधी दीखै. हर शटडाउन में देखूँ. हर बार सीधी दीखै. इसीलिए तो हाथ कोन्या लगाता. मेरी आँख का भरोसा नहीं."

तेव्हा मला समजलं की मी त्याचं काय नेलं होतं. शाल, फोटो, जागा हे सगळं मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं. हा माणूस इतकी वर्षं दर बंदला त्या रिंगेसमोर उभा राहून सरळ वस्तूला उलटी मानत आला होता, कारण मी तसं सांगितलं होतं.

मी आरसा खाली ठेवला आणि त्याला सगळं सांगितलं. कोपऱ्यात मीच रिंग उलटी बसवली इथपासून सीलखालच्या तारांपर्यंत. सलग बोललो.

नंतर तो पुढे झाला, चिंधीने रिंगेवरची धूळ पुसली, चष्मा वर करून पी-वनवर बोट ठेवलं.

"तो आँख ठीक थी मेरी."

"ठीक थी."

"उस दिन भी ठीक थी."

"उस दिन भी."

त्याने चिंधीची घडी करून खिशात घातली. मग त्याचा आवाज चढला. "वानखेडे साब, मेरे छोरे नै मैट्रिक में पूछा था, पापा, सच में आपने मीटर ख़राब किया? मन्ने कहा, हाँ बेटा, गलती हो गई. मैं अपने छोरे को झूठ बोल्या, अर मन्ने बेरा ही कोन्या था के झूठ सै."

आपण मुलाशी खोटं बोलतोय याचा त्याला पत्ताही नव्हता. मी हात जोडले. त्याने ते बाजूला सारले.

"यहाँ कोने में ना. वहाँ दस आदमी खड़े थे. मल्होत्रा साब तो गए, आधे आदमी भी गए. फेर भी. सुबह लाइन लगै सै, वहाँ बोल दो."

त्या कारखान्यात रोज सकाळी काम सुरू होण्याआधी सगळे रांगेत उभे राहतात. काल काय झालं, आज काय जपायचं, हे बोलतात, मग सुरक्षेची शपथ घेतात. मी हो म्हटलं.

घरी सुनंदाला, म्हणजे बायकोला, सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं. म्हणाली, "हे तुमचं गुडघ्याचं दुखणं का?" मी हो म्हटलं. "आणि मला इतकी वर्षं तेल चोळायला लावलंत," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "कंपनीला काय सांगणार?" तेही मी मालकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "जुनी बात है, वानखेडे, क्यों उखाड़ रहे हो?" मग म्हणाले, "बोलना है तो अपने नाम से बोलना." ते रास्तच होतं. आमची मुलगी दिल्लीत वाढलेली. मी 'सुलटं' म्हटलं की तिला थांबून विचारावं लागतं. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, हिंदीत बोलायचंय ना तिथे? आधी बोलून बघा."

मी बोलून बघितलं नाही. मी इतकी वर्षं वाक्यं निवडण्यातच घालवली होती.

सकाळी रांग लागली. चाळीसएक माणसं असतील. बहुतेक कंत्राटावरची तरुण मुलं, बसमधून नुकती उतरलेली, काहींच्या कानात अजून इअरफोन. जुने चारपाच चेहरे मागे होते. राजबीर रांगेच्या टोकाला, पंपांवरचे गमबूट घालून उभा होता. नवीन प्लांट हेड बाईंनी मला पुढे बोलावलं. मी सांगायला सुरुवात केली आणि लक्षात आलं की कोणाला काही कळत नाही. सीटी म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मागून कोणीतरी पुटपुटलं, "ये राजबीर कौन है?" शेजारचा म्हणाला, "पानी वाले अंकल."

मग मी खडू मागितला. फरशीवर पट्टी काढली, रिंग काढली, दोन तारा काढल्या. पी-वन कुठे हवं ते दाखवलं. मी काय उलटं केलं, राजबीरने काय सरळ केलं आणि त्यानंतर मी काय बोललो, हे तीन पायऱ्यांत सांगितलं. हवेच्या गळतीविषयी सांगितलं. कोणी जांभई दिली. कोणी खरंच वाकून चित्राकडे बघत होतं. जुन्यांतला एक, ज्याने तेव्हा हेल्मेट उलटं घालून दाखवलं होतं, त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. शपथेची वेळ होत आली होती. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, पण थांबवलं नाही.

खडू खाली ठेवला. रांगेच्या टोकापर्यंत चालत गेलो, राजबीरसमोर उभा राहिलो, आणि मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो:

"राजबीर जी, आपने सीटी सीधी लगाई थी. तार मेरी उल्टी थी. मुझे उसी दिन पता था और मैंने आपका नाम लगने दिया. आर और वाय के सही आँकड़े उस दिन भी मीटर में थे, जो बिजली आपने बचाई वो सच में बची थी. आपकी आँख ठीक थी. मैं झूठ बोला. माफ़ी माँगता हूँ."